घरचा, सोयरा आणि वाटसरू : रस्त्यावरचा ट्रक कोणाचा?



कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडली की आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या रस्त्यांचा स्वभावच बदलतो. एरवी सकाळची एस.टी., शाळेची पोरे आणि दुधाचे टेम्पो एवढ्यावर भागणारा रस्ता रात्रंदिवस जागा राहतो. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, उसाने एका अंगाला कललेले ट्रक, बीड-नगरकडून आलेल्या टोळ्यांच्या बैलगाड्या, आणि या सगळ्यांतून हॉर्न वाजवीत वाट काढणारे परप्रांतीचे चौदा चाकी ट्रक. पारावर बसलेली मंडळी म्हणतात, "ट्रक लई वाढलं बघा!"

वाढले हे खरेच. पण कोणाचे वाढले, हे कोणी विचारत नाही. आजचा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

मी रस्त्याचा इंजिनिअर नव्हे. बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो तो बियाणे, खते आणि ठिबक यांची माहिती देण्यासाठी. तरीही रस्त्यावर लिहावेसे का वाटले ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या एका गावी ग्रामसभेला गेलो होतो. ठिबकच्या अनुदानाचे अर्ज कसे भरावेत हे सांगायचे होते. माझा विषय बाजूलाच राहिला. आदल्या आठवड्यात गावातला एक तरुण रात्री दूध घालून परत येताना उसाच्या उभ्या ट्रेलरवर मोटारसायकलसह आदळून जागीच गेला होता. ट्रेलरचे चाक पंक्चर, म्हणून तो रस्त्यातच उभा. मागे ना दिवा, ना लाल पट्टी, ना चार दगड. सभा तापली होती. गावाबाहेरून बायपास करावा असा ठराव आला आणि भराभर हात वर झाले.

तेवढ्यात मागच्या बाजूने त्या मुलाची चुलती उठली. म्हणाली, "आण्णा, बायपास करा, आमचं काय न्हाई म्हणणं न्हाई. पर ज्या टेलरला आमचं लेकरू धडाकलं, त्यात आपल्याच शिवारातला ऊस हुता की. त्यो ट्रॅक्टर फडातनं निघून बायपासनं जाणार हाय व्हय?"

सभा गप्प झाली. सरपंचांनी माझ्याकडे पाहिले, मी जमिनीकडे. उत्तर माझ्यापाशीही नव्हते.

तीन जातीचे ट्रक

त्या बाईंच्या प्रश्नात रस्त्याच्या नियोजनाचे अर्धे शास्त्र आहे, हे मला पुढे वाचताना कळले. रस्त्यावरून जाणारे प्रत्येक मालवाहू वाहन कोठून तरी निघते आणि कोठे तरी रिकामे होते. ही दोन टोके पाहिली की वाहनांच्या तीन जाती पडतात. मी त्यांना घरचा, सोयरा आणि वाटसरू म्हणतो.

घरच्याची दोन्ही टोके आपल्याच भागात असतात. लासुर्ण्याच्या फडातून भवानीनगरला जाणारा ऊस, गोठ्यातून संकलन केंद्रावर जाणारे दूध, ओढ्याची माती, विटा, कडबा, सगळे यात आले. सोयऱ्याचे एकच टोक आपल्याकडे असते. निमगाव केतकीच्या बाजूचे डाळिंब भरून परराज्यात जाणारा ट्रक, कारखान्याची साखर उचलणारा, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतून पियाजिओच्या तीनचाकी रिक्षा लादून निघालेला लांबलचक ट्रेलर, आणि आपल्यासाठी खत, सिमेंट, पेंड घेऊन येणारा. तिसरा वाटसरू. त्याचा माल आपला नाही, गिऱ्हाईकही आपले नाही. मुंबईहून निघाला, हैदराबादला उतरणार. आपल्याकडे तो फार तर चहा पितो.

ही विभागणी सोपी वाटते, पण ओळखू येणे अवघड. त्या ग्रामसभेनंतर गावची चार पोरे आणि मी दोन रात्री चहाच्या टपरीवर वही घेऊन बसलो. पहिल्या रात्री आम्ही नंबरप्लेटी पाहून रेघा मारल्या. एमएच ४२ म्हणजे बारामतीचा, तो घरचा. तमिळनाडू-कर्नाटकची पाटी दिसली की वाटसरू. आणि साफ फसलो. तमिळनाडूचा म्हणून ज्याची रेघ ओढली तो पुढच्या वळणावर डाळिंबाच्या शेडसमोर उभा राहिला. उलट बारामतीच्या पाटीचा एक ट्रक तिसऱ्याच जिल्ह्यातला माल चौथ्या जिल्ह्यात नेत होता. इथे ड्रायव्हरचे घर होते म्हणून जेवायला थांबला एवढेच. दुसऱ्या रात्री आम्ही पाट्या सोडल्या आणि चहा पिणाऱ्यांना सरळ विचारले, "कुठनं भरलं? कुठं उतरणार?" मग चित्र बदलले. आमची ती काही शास्त्रीय पाहणी नव्हती, म्हणून तिचे आकडे इथे छापत नाही. पण इंजिनिअर लोक मोठ्या रस्त्यांसाठी हेच करतात: वाहन थांबवून मालाचे उगम आणि मुक्काम विचारतात. नुसती वाहने मोजणे वेगळे आणि टोके विचारणे वेगळे.

मोजणी कोणत्या आठवड्यात?

आपल्यापैकी पुष्कळांनी पीक कापणी प्रयोग पाहिला असेल. शेतातला नमुन्याचा तुकडा आम्ही डोळ्यांना बरा दिसतो म्हणून निवडत नाही. आकडे काढून जिथे येईल तिथे दोरी लावतो. बांधालगतचे जोमदार पीक कापले तर साऱ्या मंडळाचे उत्पन्न फुगून दिसेल. रस्त्याच्या वाहनगणतीलाही हाच धोका आहे, फक्त इथे तुकडा जमिनीचा नसून दिवसांचा असतो.

इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-इंजिनिअरांच्या संस्थेने १९७२ साली गावाबाहेरील रस्त्यांच्या वाहनगणतीचे मार्गदर्शन छापले. त्यात वर्षातून निदान दोनदा, प्रत्येकी सलग सात दिवस, चोवीस तास मोजणी करावी असे आहे. आणि पुढचे वाक्य शेतकऱ्याने पाठ करावे असे: एक मोजणी सुगीच्या आणि मालविक्रीच्या भरात, दुसरी मंदीच्या दिवसांत. ज्याने हे लिहिले त्याला खेड्याची जाण होती. आपल्या भागात सुगी म्हणजे गाळप हंगाम, साधारण दिवाळीच्या मागेपुढे सुरू होऊन होळीपर्यंत किंवा त्याहून पुढे चालणारा. मोजणी फक्त जुलै-ऑगस्टात झाली, तर वहीत वाटसरूच जास्त दिसतील. घरचा ट्रॅक्टर तेव्हा शेडमध्ये झाकून ठेवलेला असतो.

दुसरी एक गंमत पाहा. सगळी वाहने एका मापात आणण्यासाठी इंजिनिअर मोटारकार हे एकक धरतात. १९९० च्या मार्गदर्शनाप्रमाणे कार १ धरली तर ट्रक ३, ट्रेलरसह ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी तब्बल ६ ते ८. कोणाला वाटेल बैलांचा हा सन्मान आहे. नाही. बैलगाडी हळू चालते, मागच्यांना अडवते, म्हणून ती तेवढी जागा खाते. उसाचा ट्रॅक्टरही तसाच.

आता अलीकडच्या मोजण्या पाहू. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. इंदापूरजवळ सरडेवाडीला किंवा तिकडे पाटसला कोणता ट्रक किती वाजता गेला हे आपोआप नोंदले जाते. २०१८ पासून मालाला ई-वे बिल लागते, त्यावर कोठून कोठे हेही लिहिलेले असते. नियोजनवाल्यांना घरबसल्या ढीगभर आकडे मिळाले. पण बघा, ट्रॅक्टर आणि बैलगाडीकडून टोल घेत नाहीत. ताजे दूध, भाजीपाला, ऊस या करमाफ मालाला ई-वे बिल लागत नाही. फडातून कारखान्याला जाणारी खेप टोलनाका बहुधा ओलांडतच नाही. म्हणजे या नव्या वह्यांत वाटसरू तारीखवार सापडतो आणि घरचा जवळजवळ अदृश्य राहतो. आपल्याला वाटते सरकारकडे सगळी माहिती आहे. आहे, पण ती वाटसरूची आहे.

रुंदी कोण खातो, जाडी कोण खातो

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात इंजिनिअरांनी मुद्दाम रस्त्याची वेटोळी बांधली आणि त्यांवर कमी-जास्त भाराचे ट्रक सतत फिरवले. त्यातून एक ठोकताळा निघाला. आस, ज्याला ड्रायव्हर मंडळी ॲक्सल म्हणतात, त्याच्यावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, जवळपास सोळापट होते. आपल्या देशात २०१८ साली चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. भार आठव्या हिश्श्याने वाढला, पण या हिशेबाने दर आसामागे झीज सुमारे १.६ पट झाली. खेपा थोड्या कमी होतात ही जमेची बाजू, पण कायद्याची मर्यादा पाळणारे किती, ते आपण सारे जाणतो.

तेव्हा भरधाव, जड, लांब पल्ल्याचा वाटसरू रस्त्याची जाडी खातो. हळू चालणारा, थांबणारा, मध्येच शेतात वळणारा घरचा ट्रॅक्टर रस्त्याची रुंदी खातो. (आपला उसाचा ट्रकही काही साधू नाही. मोळ्यांवर मोळ्या रचून तो रुंदी आणि जाडी दोन्ही खातो.) आणि माणसे मरतात ती बहुतेक या दोघांच्या वेगातल्या फरकापायी. एक ताशी वीस किलोमीटरने चाललेला, दुसरा सत्तरने, आणि मध्ये दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल.

वाटसरूला गावाबाहेर काढले तर हा फरक कमी होतो, हे खरे आहे. म्हणून बायपास वाईट असे मी म्हणत नाही. पण त्याची किंमतही मोजावी. रस्त्याची हद्द ४५ मीटर धरली तर एका किलोमीटरला साडेचार हेक्टर, म्हणजे ११ एकरांहून जास्त जमीन जाते. नीरा डाव्या कालव्याच्या भिजक्या पट्ट्यात ११ एकर म्हणजे किती घरांची चूल, हे सांगायला नको. गावातून जाणाऱ्यांत वाटसरू थोडे आणि घरचे फार असतील, तर एवढी जमीन देऊनही वेशीतली गर्दी हटणार नाही. सोयऱ्याला तर गावात यावेच लागते, त्याचे टोकच इथे आहे.

बारामती आणि इंदापूरची गत निराळी

या दोन गावांना एकच औषध चालत नाही. इंदापूर पुणे-सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर, जुन्या ९ नंबरच्या आणि आताच्या ६५ नंबरच्या महामार्गावर आहे. तिथे वाटसरू पिढ्यान्‌पिढ्या येतो. बारामती त्या हमरस्त्याच्या बाजूला पडते. तिची रहदारी फार काळ घरची आणि सोयऱ्यांची होती. आता नगर-दौंड-कुरकुंभ-बारामती-फलटण असा १६० नंबरचा राष्ट्रीय महामार्ग तिच्यातून गेला आहे. पुणे शहर टाळून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला ही वाट सोयीची. शिवाय पाटस-बारामती-इंदापूर-अकलूज-बोंडले हा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी करण्याची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. पाटसला हमरस्ता सोडून बारामतीवरून पुन्हा इंदापूरला हमरस्त्याला लागता येते. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की वाटसरू आमंत्रणाची वाट पाहत नाही.

याच पालखी मार्गात एक चांगली गोष्टही आहे. वारकऱ्यांना चालण्यासाठी कडेने वेगळी वाट आराखड्यात धरली गेली. का? कारण या रस्त्याने कोण चालते, कोणत्या महिन्यात, मुक्काम कोठे, बेलवाडीला रिंगण कोणत्या दिवशी, हे साऱ्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. वारीची मोजणी शेकडो वर्षे झाली आहे म्हणा ना! उसाच्या ट्रॅक्टरचा मुक्काम मात्र कोणाला पाठ नाही.

वाटसरू एका रस्त्यावरून उठून दुसरीकडे गेल्याचे उदाहरण याच तालुक्यात घडून गेले आहे. डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून आगगाडी इंदापूर तालुक्यातल्या डिकसळपर्यंत आली आणि १८६० साली सोलापूरला पोचली. लांबचा माल गाडीवाटेवरून उठून रुळांवर गेला. बैलगाडी संपली नाही. तिची धाव शेतापासून स्टेशनापर्यंत राहिली. वाटसरूपण सुटले आणि ती घरची झाली. पुढे १९१४ साली दौंड-बारामती छोटी रेल्वे झाली तेव्हा कालव्याकाठच्या गुळाच्या ढेपा बैलगाडीनेच बारामती स्टेशनवर येत.

परदेशात स्वित्झर्लंडच्या डोंगरी लोकांनी हा फरक कायद्यातच उतरवला. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथे मतदान होऊन ठरले की आल्प्स ओलांडून एका सीमेवरून दुसऱ्या सीमेवर जाणारा माल रेल्वेने जावा. त्यांनी ट्रकबंदी मागितली नाही. बंधन वाटसरूपुरते ठेवले.

एकमेकांसमोरून जाणारा ऊस

आता जरा आपल्या घरातली गोष्ट. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा आणि शेटफळगढ्याचा खासगी, असे दोन तालुक्यांत सहा कारखाने आहेत. हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर संध्याकाळी तासभर उभे राहा. एक ट्रॅक्टर ऊस घेऊन पूर्वेला जाताना आणि दुसरा ऊस घेऊन पश्चिमेला जाताना एकमेकांना ओलांडतील. ऊस तोच, रस्ता तोच. कुठे ऊस घालायचा हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि तो असावा. पण गेटकेनच्या ओढाताणीत ज्या खेपा जास्तीच्या होतात, त्यांची गर्दी ना चौपदरीकरणाने हटेल, ना बायपासने. ती तोडणीच्या कार्यक्रमातच कमी होऊ शकते.

याचा खर्च कोण देतो? आपणच. एफआरपी ठरते ती कारखान्याच्या दारातली, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो. बऱ्याच कारखान्यांत ही कपात सरासरीने होते. म्हणजे काट्याला लागून ज्याचे रान आहे, त्याच्याही टनामागे लांबच्या उसाचे भाडे चिकटते. ट्रॅक्टर रांगेत दहा तास उभा राहिला तर त्याच्या रोजच्या खेपा घटतात, आणि घटलेल्या खेपांची भरपाई ट्रॅक्टरवाला कोठून तरी काढतोच. खुशाली मागण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा. पुढे दर तासाला वजन आणि साखर दोन्ही उतरतात. आम्ही शिवारफेरीत बेण्यापासून खतापर्यंत सारे सांगतो आणि टनेज वाढवतो. ते वाढलेले टनेज रस्त्याच्या कडेला उन्हात सुकताना पाहिले की माझ्यासारख्याच्या जिवाला लागते.

घरच्या वाहनाला लागते ते फार महाग नाही. रस्त्याला भक्कम आणि रुंद साइडपट्टी, म्हणजे ट्रॅक्टर कडेने चालेल. कारखान्याच्या काट्याबाहेर रांगेसाठी रस्त्यापासून अलग मोकळी जागा. पाणंद रस्ते असे जोडलेले की शंभर ठिकाणांऐवजी चार ठिकाणी ट्रॅक्टर हमरस्त्याला लागेल आणि त्या चार ठिकाणी दिवा असेल. मागच्या बाजूचा लाल परावर्तक तर कायद्यानेच बंधनकारक आहे. सोयऱ्यासाठी माल भरण्याची जागा रस्त्याच्या आत घ्या. डाळिंबाची शेड बांधताना दोन ट्रक वळतील एवढे अंगण सोडले तर ड्रायव्हरचे शेपूट रस्त्यावर येत नाही.

त्या गावात पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पुढच्या सभेत ठराव फाडून दोन केले. पहिला बांधकाम खात्याला: बायपासचा विचार करण्याआधी गाळप हंगामात सात दिवस मोजणी करावी, टोके विचारून करावी, आणि ट्रॅक्टर वेगळे मोजावेत. दुसरा ज्या कारखान्यांना गावचा ऊस जातो त्यांना: रांग रस्त्यावर लावू नये, पट्टी नसलेल्या ट्रेलरला काट्यावर घेऊ नये. पहिल्या ठरावाला पोच आली आहे, आठवडा अजून ठरलेला नाही. दुसऱ्याला एका कारखान्याने होकार कळवला, बाकीचे गप्प आहेत.

या हंगामात त्या बाईंच्या फडात टोळी आली. मुकादमाने ट्रेलर लावला. बाई आधी मागच्या बाजूला गेल्या, पाहिले आणि म्हणाल्या, "पट्टी कुठाय?" तो म्हणाला, "उद्या लावतो, आक्का." त्यांनी मोळी भरू दिली नाही. कोयते बांधावर बसून राहिले. दुपारी अडीचच्या सुमारास मुकादमाचा पोरगा जंक्शनहून मोटारसायकलवर पट्टीचे भेंडोळे घेऊन आला, आणि मग ऊस भरायला सुरुवात झाली.